उंच झालेली जीप

मित्रांनो, मी जीप आहे, तीस वर्षं उलटून गेलेली, आणि सुरुवातीलाच एक सांगून टाकते: उभं राहणं मला जमत नाही. प्रार्थना लांबली की रांगेत तुमचे पाय जशी चुळबुळ करतात ना, तशीच माझी चाकं करतात. रस्त्यावरून साधी सायकल गेली तरी मला वाटतं, आपणही निघावं.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं मला फारसं आठवत नाही, नुसती ठोकाठोक आठवते. पहिली काही वर्षं मी कुर्डुवाडीच्या एका कंत्राटदाराकडे होते. रुळांच्या कडेनं खडीवरून दिवसभर धावायचं, दुसरं काम नाही. मग मैंदर्गीच्या शिवपुत्रानं मला विकत घेतलं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

शिवपुत्र शेतकरी. बोलणं कमी, तेही अर्धं कन्नड, अर्धं मराठी. त्याची बायको निंगव्वा बुटकी, आणि तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी ती माझ्यात चढायला गेली तर तिचा पाय पोचेना. चार दिवसांनी अक्कलकोटला जाऊन शिवपुत्रानं माझ्या दाराखाली एक रुंद लोखंडी पायरी जोडून आणली. त्यानंतर निंगव्वा राणीसारखी चढायची आणि बसल्या बसल्या हुकूम सोडायची.

त्यांच्या शेताची वाट गावापासून चार किलोमीटर. सगळी काळी माती आणि मधे एक ओढा. बाकीच्या गाड्या ओढ्याशी आल्या की माघारी फिरायच्या. मी फिरले नाही. तुरीची पोती वाहिली, वऱ्हाडं नेली, अडलेल्या बायकांना दवाखान्यात पोचवलं. लोक म्हणायचे, शिवपुत्रची जीप कुठं अडत नाही. हे ऐकून मी जरा फुगले होते, हे कबूल करते.

सगळ्यात आवडता दिवस येळवसचा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस आणि शेतं भरलेली. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आणि हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना जेवू घालायचं. त्या दिवशी मातीला लोखंड लावायचं नाही, असा शिवपुत्राच्या घरचा नेम होता. कुदळ नाही की खुरपं नाही. आंबिलीचं मडकं मांडीत धरून निंगव्वा माझ्या पुढच्या सीटवर बसायची आणि ओढा आला की शिवपुत्राला म्हणायची, "हळू घ्या की. एक थेंब सांडला तर बघा."

सहा वर्षांपूर्वी शिवपुत्र गेला. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून, शेताच्या कोपऱ्यात, बांधाला लागून समाधी दिली. त्यानंतर मला चालवणारं कुणी उरलं नाही. गोठ्याच्या आडोशाला मी उभी. कोंबड्यांनी मागच्या सीटखाली अंडी घातली, शेजारणीनं माझ्या बोनेटवर गोवऱ्या वाळत घातल्या. राग यायचा, पण तो काढणार कुणावर? टायर बसले, बॅटरी मेली. नुसती वाट दिसत राहायची.

मग एक दिवस सोमशेखर आला. हा शिवपुत्र आणि निंगव्वाचा एकुलता मुलगा. सोलापूरला राहतो, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. दिवसभर एकाच मापाचे तुकडे कातायचे म्हणजे त्याच्या जिवाला केवढा जाच, ते मला विचारा. तोही माझ्यासारखाच, एका जागी न टिकणारा. त्यानं मला ओढून सोलापूरला नेलं, जुळे सोलापुरातल्या आपल्या घराच्या अंगणात विटांच्या चार थप्प्यांवर चढवलं आणि चाकं काढून घेतली.

पहिले दोन महिने मी खूश होते. दर रविवारी सकाळी तो जुनी विजार चढवून माझ्याखाली शिरायचा. इंजिन खोलून साफ केलं, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, गंज खरवडून काढला. बापासारखाच, मोजकं बोलणारा. मला वाटलं, दिवाळीला आपण रस्त्यावर.

पण त्याच्या खिशात तो फोन होता. फोनमध्ये कुठल्या कुठल्या मुलखातल्या जीपा दगडांवर चढायच्या, गळ्यापर्यंतच्या चिखलातून निघायच्या. दगडधोंड्यांतून गाड्या घालणाऱ्या सोलापुरातल्या पोरांचा एक ग्रुपही त्याला सापडला. मग काय, त्यानं मोठे, दातेरी टायर आणले. टायर मडगार्डला घासायला लागले म्हणून मला उंच करायचं ठरलं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले, मी उंच झाले. उंच झाल्यावर इंजिनाकडून चाकांकडे जाणारा शाफ्ट पुरेना. शाफ्ट लांब केला तर ब्रेकची नळी तोकडी पडली. एक गाठ सोडवावी तर दुसरी बसायची. रविवार येत होते, जात होते आणि मी आपली विटांवर. त्याची बायको सुकन्या माझ्या आरशावर ओले टॉवेल टाकायची. एकदा म्हणाली, "अहो, मूल जन्मल्यावर वर्षात चालायला लागतंय की. हिचं काय?"

तो नुसता हसला. मला मात्र हसू आलं नाही.

त्याच मधल्या काळात, श्रावणात, निंगव्वा न्हाणीतल्या पाटावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं, आत लोखंडी दांडा बसवला. काठी घेऊन ती हळूहळू चालू लागली, पण पाऊल वीतभरापेक्षा वर उचलेना, आणि पाट किंवा स्टूल दिसलं की ती दुरूनच वळसा घालायची. शिवपुत्र गेल्यावरही ती दर साली चालत शेत गाठायची; त्या वर्षी मात्र, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, तिची येळवस चुकली. सगळं गाव शेतात गेलं आणि ती एकटी दारात बसून राहिली.

पुढं दर आठवड्याला तिचा फोन यायचा. सोमशेखरचे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून तो फोन माझ्या बोनेटवर ठेवून मोठ्यानं लावायचा आणि मला सगळं ऐकू यायचं.

"सोमू, जीप झाली काय?"

"झालीच अव्वा. यंदा येळवसला घेऊनच येतो. तुला शेतात नेतो."

"तुझ्या अप्पाला माझ्या हातची आंबील गेली न्हाय मागल्या साली," ती म्हणायची. "शेजारचा रावजी म्हणतोय ट्रॅक्टरमधनं नेतो. त्यात मला कोन चढवनार? जीपचं बघ बाबा तू."

मित्रांनो, तेव्हापासून माझी चुळबुळ दुप्पट झाली. म्हातारीच्या जिवाला तेवढी एकच गोष्ट हवी होती, शेतात जाऊन आपल्या हातानं नवऱ्याच्या समाधीवर आंबील ओतायची. आणि त्यासाठी तिचा सगळा भरवसा माझ्यावर होता.

येळवसला पंधरा दिवस उरले तेव्हा सोमशेखरनं फीत घेऊन जमिनीपासून माझं पोट किती वर आलं ते मोजलं. मोठा दगड सहज खालून जाईल एवढी मी उंच झाले होते. अडचण एकच, दाराखालची पायरी. ती दगडाला आपटणार. त्यानं ग्राइंडर लावला.

सासूला अत्ती म्हणणारी सुकन्या दारातून म्हणाली, "अहो, अत्ती कशा चढतील?"

"मी हाय की. हात देतो," तो म्हणाला, आणि पायरी खाली पडली.

सगळा दोष त्याच्यावर ढकलायला नको. मीही काही कमी नव्हते. नवा हिरवा रंग, रुंद टायर, गल्लीतली पोरं बघायला येतायत, मला आपण काय न् काय झालो असं वाटत होतं. निंगव्वाचं पाऊल मलाही आठवलं नाही.

येळवसच्या सकाळी आम्ही निघालो. अक्कलकोटच्या रस्त्याला लागल्यावर मी अशी पळाले की सुकन्यानं दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. मैंदर्गीत घरासमोर थांबलो. निंगव्वा नवं इरकल नेसून, काठी टेकत बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून पुन्हा पाहिलं.

"उंच झाली की रे," एवढंच म्हणाली.

पायरी शोधत तिची काठी माझ्या दाराखाली फिरली. तिथं काही नव्हतं. सोमशेखरचा चेहरा उतरला. पण घरापुढं उंच कट्टा होता, आणि कट्ट्यावर जायला दगडी उतार. त्यानं मला मागं घेत कट्ट्याला अगदी चिकटवलं. निंगव्वा कट्ट्यावरून सरळ आत आली. सुकन्यानं मडकं तिच्या मांडीत दिलं आणि आम्ही निघालो. ओढा मी असा ओलांडला की जणू तो नव्हताच.

शेत आलं. कोप उभी होती, शेजारच्या शेतातला रावजी घरच्यांना घेऊन आधीच आला होता. ज्वारी कमरेच्या वर आलेली, पलीकडे गहू. सगळे खाली उतरले. निंगव्वानं काठी बाहेर काढून खाली टेकवायला पाहिली आणि ती हवेतच राहिली.

शेतात कट्टा कुठला असणार? चढवायचा विचार केला होता, उतरवायचा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

रावजीनं कोपीतून स्टूल आणलं. काळ्या भुसभुशीत मातीत ते एका बाजूला कलंडलं. निंगव्वानं ते पाहिलं आणि हात मागं घेतला. सोमशेखर पुढं झाला. "अव्वा, मी उचलून घेतो. एक मिनिटाचं काम."

"नको."

"वैनी, आमी दोघं धरतो की," रावजी म्हणाला.

"एक दिवस चौघं मला बसवूनच उचलून नेनार हायत," निंगव्वा म्हणाली. "तवर मी माझ्या पायानं उतरीन. न्हाय जमलं तर हितंच बसते. करा तुमी पूजा."

पूजा झाली. वीस पावलांवर. सुकन्यानं ताट वर आणून दिलं, ते तिच्या मांडीवर तसंच राहिलं. ती समाधीकडे बघत होती. तिचं वजन माझ्या सीटवर होतं, मित्रांनो, मला ते कळत होतं. एवढी लाज मला गोवऱ्या अंगावर असतानाही वाटली नव्हती. कुठंही न अडणारी मी, आणि एका माणसाला जमिनीवर पोचवू शकत नव्हते.

सोमशेखर जेवला नाही. माझ्याभोवती फेऱ्या मारत राहिला. रावजी हळूच म्हणाला, "चाकांखाली खड्डे खनले तर?"

"आज कुदळ लावायची न्हाय," निंगव्वा वरून म्हणाली. तिचे कान चांगलेच तिखट.

सोमशेखर थांबला. त्यानं गव्हाच्या कडेच्या, पाण्याच्या पाटाकडे पाहिलं. आदल्या दिवशी पाणी दिलेलं, पाट अजून लिबलिबीत होता, आणि त्याला लागून हातभर उंचीचा, गवत वाढलेला कोरडा बांध. तो माझ्या टायरांजवळ बसला आणि एकेकाची हवा सोडायला लागला.

"अव्वा, दांडा धरून बस. घट्ट," तो म्हणाला आणि आत येऊन बसला.

त्यानं मला पाटात उतरवलं, बांधाला चिकटून. मग जागच्या जागी चाकं फिरवायला सुरुवात केली. गाडी चालवणारा कुणीही हे करत नाही. चिखलात रुतू नये म्हणून तर ते टायर, तो शाफ्ट, ते दीड वर्ष. आणि आता तोच मला रुतवत होता. टायरांचे रबरी दात माती खात होते, चिखल त्याच्या तोंडावर, नव्या रंगावर, रावजीच्या टोपीवर उडत होता. पुढं, मागं, पुन्हा पुढं. मी खाली जात होते. आयुष्यभर जे टाळलं, ते मी मनापासून केलं. माझं पोट चिखलाला टेकायच्या बेतात आलं तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं.

माझ्या दारातली फळी आणि बांध एका पातळीत आले होते.

निंगव्वानं काठी टेकली. मग एक पाऊल. मग दुसरं. बांधावर उभी राहून तिनं जरा वेळ पाय मातीत दाबून पाहिले. सुकन्यानं मडकं पुढं केलं, ते तिनं एका हातानं कमरेला धरलं आणि बांधावरूनच, कुणाचा हात न घेता, समाधीकडे गेली. आंबील ओतताना ती शिवपुत्राशी कन्नडमध्ये काय बोलली, ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती एवढं दिसलं. सोमशेखर माझ्या बोनेटला टेकून उभा होता आणि चिखल पुसायच्या निमित्तानं बाहीनं डोळे पुसत होता. मीही उभी होते, पार रुतलेली, आणि त्या तेवढ्या वेळात मला कुठंही जावंसं वाटलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा निंगव्वा बांधावरून माझ्यात येऊन बसली आणि रावजीच्या ट्रॅक्टरनं आम्हाला ओढून काढलं. पाच वेळा दोर तुटायची वेळ आली. ती आत बसून सगळ्यांना सूचना देत होती.

वाटेत सोमशेखर म्हणाला, "अव्वा, जीप खाली घेतो. पहिल्यासारखी करतो."

"कर की," ती म्हणाली. मग पुढं बघत म्हणाली, "पर लवकर कर. तू लई येळ लावतोस, सोमू. मला एवढा येळ न्हाय."

त्यानं गिअर बदलला. मी मात्र बोलते, मित्रांनो, म्हणून तर हे सगळं सांगितलं. आम्हा जुन्या गाड्यांना जरूर नवं रूप द्या, पण वाटेतला दगड मोजायच्या आधी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पाऊल किती उचलतं, ते मोजा. आणि मोजलंत की लगेच कामाला लागा. माझे पाटे गेल्या रविवारीच उतरवलेत आणि आज पुन्हा रविवार आहे. सोमशेखर अजून फोनच बघतोय. त्याला कुणीतरी हाक मारा.