दर दोरीला हातभर

लोटन सरांनी मोबाइल दोन विटांमध्ये आडवा उभा केला, डोलणाऱ्या कोपऱ्याखाली एक खडा सरकवला आणि हात वर केला. दीपमाला धावत आली. पडद्यावर आधी तिच्या पायांची धूळ दिसली, मग ती, मग चेंडू. टप्पा पडून चेंडू ललितच्या ग्लोव्हजमध्ये शिरला, तसा मोबाइल गोड आवाजात ओरडला, "अप्रतिम! वेग शहाण्णव!"

भोवतीची मुले नाचली. दीपमालाने कमरेवर हात ठेवून मान फिरवली, पण हसू काही तिला लपवता आले नाही.

"थांबा," सर म्हणाले. "आता ललित टाकेल. लहान बाळाकडे टाकतात तसा, अलगद."

ललित हा त्यांचा यष्टिरक्षक. त्याने ग्लोव्हज काढले आणि हात न फिरवता, खालूनच चेंडू टाकला.

"अप्रतिम! वेग एक्क्याऐंशी!"

"बाप रे," ललित म्हणाला. "मला माझीच भीती वाटायला लागली सर."

"हे कुणालाही अप्रतिम म्हणतं." सरांनी ते ॲप तिथेच काढून टाकले. "परीक्षा घेणाऱ्याची आधी परीक्षा घ्यायची. पुढचं लाव."

धरणगावच्या शाळेत तेहतीस वर्षे गणित शिकवून लोटन सर निवृत्त झाले होते. शाळेमागचे हे मैदान मात्र त्यांनी सोडले नव्हते. सकाळी सहाला ते खेळपट्टीवर झाडू मारत, सातला मुले येत. त्यांतली दीपमाला चौदा वर्षांची. पुढच्या रविवारी जळगावला पंधरा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा निवड चाचणी होती आणि तिला बोलावणे आले होते. चाचणीत चेंडूचा वेग यंत्राने मोजतात, नव्वदच्या पुढे असेल तरच जलद गोलंदाज म्हणून बघतात, असे कुणीतरी सांगितले होते. आपली पोरगी किती वेगाने टाकते, हे सरांना माहीत नव्हते. नऊ दिवस उरले होते. म्हणून हा ॲपचा खटाटोप.

ललितने आपल्या भावाच्या सांगण्यावरून दोन ॲप निवडून ठेवली होती. एका चेंडूचे चित्रण दोन्हींना द्यायचे, असे ठरले. दीपमालाने सहा चेंडू टाकले. पहिल्या ॲपने सरासरी सांगितली, अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्याने त्याच चेंडूंची सांगितली, ब्याण्णव.

"ब्याण्णववालं ठेवा," मुलांनी एका सुरात निकाल दिला.

"का?"

"जास्त सांगतं ना सर."

"पपईवाल्याचा काटा जास्त सांगतो, तो आवडतो का तुम्हाला?"

मुले हसली. दीपमाला हसली नाही. ती मांडी घालून बसली होती आणि मोबाइल गुडघ्यावर ठेवून बोटाने वर-खाली करत होती.

"जास्त सांगतं म्हणून नको," ती म्हणाली. "पण कमी सांगतं म्हणून खरंच असेल, असंबी नाही ना सर?"

सरांनी तिच्याकडे पाहिले. असा प्रश्न वर्गात वर्षातून एखाद वेळेला यायचा, आणि आला की त्या दिवशी ते घरी पायी जायचे, सायकल हातात धरून.

"नाही," ते म्हणाले. "मग कसं ठरवायचं?"

"दोघं मोजतात कसे, ते बघायचं." तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. "हे अठ्ठ्याऐंशीवालं काहीच विचारत नाही. पट्टी बावीस यार्ड धरतं आणि चेंडूला किती वेळ लागला तेवढं बघतं. ब्याण्णववालं दोन्हीकडचे स्टंप दाखवायला लावतं, शेंडा आणि बुडखा. स्टंपची उंची ठरलेली, त्यावरनं ते अंतर काढतं."

"बरोबर. मग पट्टी बावीस यार्ड असेल तर दोघांचं उत्तर सारखं यायला पाहिजे."

"हो."

"आणि पट्टी बावीस यार्डच आहे. मी स्वतः मोजली आहे."

मोबाइलचा पडदा विझला, तो दीपमालाने पुन्हा पेटवला. ललितने तिला कोपराने ढोसले. तिने त्याचा कोपर बाजूला केला.

"सर," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुम्हीच सांगता, दुसऱ्यानं मोजलेलं आपण पुन्हा मोजायचं."

सरांचा आवाज चढलेला मुलांनी कधी ऐकला नव्हता, पण आज ऐकायला मिळेल असे त्यांना वाटले.

"ललित," सर म्हणाले, "कंपाउंडची भिंत बांधणाऱ्या मिस्त्रीकडून टेप आण. शंभर फुटी."

बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट. टेपचे एक टोक ललितने मधल्या स्टंपला धरले. दुसरे टोक दीपमालाने ओढत नेले, वाकून आकडा पाहिला, पुसून पुन्हा पाहिला आणि तशीच वाकलेली राहिली. सर स्वतः गेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आकडा वाचला.

एकोणसत्तर.

ते खाली बसले, खेळपट्टीवरच. सव्वीस वर्षांपूर्वीची सकाळ त्यांना बोटांत आठवली, दोरीच्या काचासकट. ती दोरी त्यांच्या वडिलांची होती. त्यांना, म्हणजे अभिमन आबांना, गावोगावचे भाऊ शेताच्या वाटण्या करायला बोलावत. तेहतीस फुटांची दोरी, म्हणजे गुंठ्याची एक बाजू. दोरी खुंटीला गुंडाळली की थोडी खाल्ली जाते, ओली असली की आखडते. म्हणून आबा दर दोरीला हातभर पुढे सरकून खुंटी ठोकत. कुणाचा वाटा कमी पडायला नको. लहानपणी दोरीचे दुसरे टोक लोटनच्याच हातात असे. खेळपट्टी आखताना त्यांनी तीच दोरी घेतली होती, अभिमानाने. दोन दोऱ्या टाकल्या. आणि हात, त्यांना न विचारता, दर दोरीला हातभर पुढे सरकला होता. दीड अन् दीड, तीन फूट.

बाहेरगावचे संघ म्हणायचे, धरणगावला चेंडू थांबून येतो. सर त्यांना सांगायचे, आमच्या काळ्या मातीचा गुण आहे.

"मुलांनो," ते उठत म्हणाले, "पट्टी चुकली आहे. मी चुकवली आहे. सव्वीस वर्षं." मग दीपमालाकडे वळून म्हणाले, "आणि तू ब्याण्णवने टाकतेस."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. दीपमालाने वाजवल्या नाहीत. तिने टेपचे टोक बोटाभोवती गुंडाळले होते.

"सर, स्टंप तीन फूट जवळ आले तर माझा टप्पा?"

तेच सरांच्याही मनात आले होते. ज्या जागेवर चेंडू टाकायची तिच्या हाताला पाच वर्षांची सवय, तिथून फलंदाज तीन फूट जवळ येणार. इथे जो चेंडू बॅटच्या कडेला चाटून जायचा, तो जळगावला सरळ बॅटवर बसणार. ब्याण्णव असो की शंभर, असा चेंडू कुणीही सीमेपार मारतो.

"नऊ दिवस आहेत," सर म्हणाले. "उपट स्टंप."

संध्याकाळी ते प्रेमराजच्या दुकानात गेले. प्रेमराज दीपमालाचा बाप. बाजारपेठेच्या टोकाला त्याचे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे दुकान होते. सर आत शिरले तेव्हा तो लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होता आणि ओठांत वेढे मोजत होता. डोळ्यांनीच त्याने स्टूल दाखवले.

सर बसले नाहीत. प्रेमराज त्या पट्टीवर तयार झालेला पहिला गोलंदाज. तेवीस वर्षांपूर्वी त्याला असेच बोलावणे आले होते. जळगावला त्याने बारा चेंडू टाकले आणि बाराही फार पुढे, फलंदाजाच्या पायांशी पडले. परतीच्या बसमध्ये तो रडला नव्हता, नुसता खिडकीबाहेर बघत बसला होता. त्यानंतर त्याने चेंडू हातात धरला नाही.

"प्रेमराज, मी आज पट्टी मोजली."

"बेचाळीस, त्रेचाळीस... हा, सर."

"ती तीन फूट लांब आहे. पहिल्यापासून. तू जळगावला पुढे टाकत नव्हतास. इथे जिथे टाकायचास तिथेच टाकत होतास."

तार फिरत राहिली. पाच वेढे, सहा वेढे. मग थांबली.

"मी पोऱ्यास्ले सांगस," प्रेमराज म्हणाला, "की मी घाबरी गयथू."

"घाबरलास, असं तुला मीच सांगितलं होतं."

प्रेमराजने साच्याकडे पाहिले. मोजणी हरवली होती. त्याने तारेचे टोक सोडवले आणि एकेक वेढा उलगडायला लागला, सगळी तार मोकळी होईपर्यंत. सर उभेच होते.

"मंग सर," तो मान न उचलता म्हणाला, "नववीना माझा गणितना चौतीस मार्क बी परत मोजा. एकच कमी पडेल व्हता."

सरांना हसू आले आणि ते नीट हसताही आले नाही. ते स्टुलावर बसले. प्रेमराजने शेजारच्या टपरीकडे दोन बोटे दाखवून चहा सांगितला आणि तार पुन्हा पहिल्या वेढ्यापासून गुंडाळायला घेतली.

"पोरनं काय चाललं शे?"

"आज चाळीस टाकले. तीस पुढे पडले."

"रविवारले मी बी येसू," प्रेमराज म्हणाला. "एक. दोन. तीन."

पुढचे आठ दिवस सरांनी वेगाकडे पाहिले नाही. ब्याण्णववाले ॲप त्यांनी ठेवले. आधी पट्टी विचारते, मग बोलते, एवढे त्यांना पुरे होते. शिवाय त्यात चेंडू कुठे पडला ते ठिपक्यांनी दिसायचे. रोज सकाळी ते दीपमालाला ठिपके दाखवत. पहिले तीन दिवस ठिपके फलंदाजाच्या पायांशी गर्दी करून होते. चौथ्या दिवशी ते विखुरले, आणि ललित म्हणाला की हे तर गोवर उठल्यासारखे दिसते. सहाव्या दिवशी ते मागे सरकू लागले. आठव्या दिवशी चाळीसांतले सव्वीस जागेवर होते.

"चौदा उरले," दीपमाला म्हणाली.

"उरू दे," सर म्हणाले. "चुकला तर माझ्याकडे बघ. मी हात वर केला की मागे टाकायचा."

जळगावच्या मैदानावर नव्वदेक मुली होत्या. यावलच्या, चोपड्याच्या, भुसावळच्या. काहींच्या अंगावर अकादमीचे छापील टी-शर्ट होते. प्रत्येकीला सहा चेंडू मिळत होते. निवड समितीच्या बाई पांढरी टोपी घालून खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर वही. पालकांना दोरीबाहेर उभे केले होते. तिथे लोटन सर आणि प्रेमराज शेजारी शेजारी उभे राहिले. प्रेमराजने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हाताची घडी घट्ट बांधली होती.

दीपमालाचा पहिला चेंडू पुढे पडला. समोरच्या मुलीने तो सरळ मारला. तो दोरीखालून सर्रकन गेला आणि प्रेमराजला पाय उचलावा लागला.

दुसराही पुढे पडला. तसाच गेला.

सरांनी हात वर केला, उंच, बोटे ताणून, सगळ्या मैदानाला दिसेल असा.

दीपमालाने परत फेकलेला चेंडू झेलला. ती वळली, पण दोरीकडे नाही. खेळपट्टीच्या कडेने चालत ती आपल्या चेंडूच्या डागापर्यंत गेली. डागापासून एक पाऊल मागे तिने बुटाचे टोक टेकवले आणि तिथे क्षणभर बघत राहिली. मग मान खाली घालून आपल्या खुणेपर्यंत परत गेली.

तिसरा चेंडू जिथे बुटाचे टोक टेकले होते तिथे पडला. समोरच्या मुलीची बॅट पुढे आली आणि हवेतच राहिली.

चौथा त्याच्या वीतभर अलीकडे पडला. पाचवा कड घेऊन मागे गेला. यंत्राजवळच्या माणसाने आकडा सांगितला, तो दोरीपर्यंत ऐकू आला नाही. बाईंनी मात्र वही मिटली आणि त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

"सर," प्रेमराज हळूच म्हणाला, "हात खाले ल्या आते. तिनं पाह्यंच नई."

"हो," सर म्हणाले. "नाही पाहिलं."

त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळे होते म्हणून प्रेमराजने वळून बघितले. म्हातारा शाळेत पहिला आल्यासारखा दिसत होता.

सहावा चेंडू मधल्या स्टंपवर आदळला. दीपमालाने कपाळ पुसले आणि रांगेच्या शेवटाकडे जायला लागली, तेव्हा बाईंनी खुर्चीतून हाक मारली.

"ए धरणगाव! अजून एक ओव्हर टाक. फलंदाज बदला रे, ती मोठी पोरगी आणा."

तिच्या आधीच्या कोणत्याही मुलीला सातवा चेंडू मिळाला नव्हता. प्रेमराजची हाताची घडी सुटली. दीपमालाने चेंडू पँटवर घासला, खुणेपर्यंत चालत गेली, आणि धावायला सुरुवात करण्याआधी, पहिल्यांदाच, तिने दोरीकडे पाहिले.

सरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.