वेगळं व्हायचे नियम

ब्रिटन युरोपातून बाहेर पडणार हे ठरलं त्याचा आनंद नागपूरच्या अख्ख्या प्रतापनगरात एकाच घरी साजरा झाला, आणि दुर्दैवाने ते घर माझं. मतदानाचा निकाल टीव्हीवर लागला आणि आमचे हे, म्हणजे मुकुंदराव, सगळ्या गल्लीसाठी तर्री-पोहे घेऊन आले. "इंग्रजाले समजलं, आपल्या लोकायले समजून नाही राहिलं," असं प्रत्येकाला ऐकवत फिरले. वेगळ्या विदर्भाचे जुने कार्यकर्ते ना! एक मेला सगळे महाराष्ट्र दिन साजरा करतात तेव्हा हे दंडाला काळी फीत लावून चौकात बसतात. लग्नानंतरच्या पहिल्या एक मेला मी हौसेने शिरा केला, तर या माणसाने दिवसभर अबोला धरला.

आमची मधुवंती तेव्हा तिकडेच, इंग्लंडात, विमानं दुरुस्त करायचं शिकत होती. तिने फोनवर बापाला सांगितलं, "बाबा, पोहे तुम्ही खा. निस्तरावं आम्हाले लागणार आहे."

तिचं खरं होतं. दुरुस्त झालेलं विमान उडवायला हरकत नाही, अशी सही परवाना असलेल्या इंजिनिअरला करावी लागते. आधी इंग्लंडचा परवाना अख्ख्या युरोपात चालायचा. ब्रिटन बाहेर पडलं आणि युरोपातल्या विमानांना तो चालेनासा झाला. मुदतीत बदलून मिळत होता, पण तेव्हा मधुवंतीला इंग्लंडातच राहायचं होतं, म्हणून तिने बदलला नाही. मग दोन वर्षांपूर्वी ती नागपूरला परत आली, विमानतळाजवळच्या हँगरमध्ये कामाला लागली आणि माझ्या घशाखाली सुखाने घास उतरू लागला.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या कंपनीला आयर्लंडमध्ये नोंदलेल्या विमानांचं मोठं काम मिळालं. नागपुरात आता तीच विमानं येणार होती. ज्यांच्याकडे युरोपचा परवाना ते इथे राहतील, बाकीच्यांची बदली हैदराबादला. मधुवंतीला सगळ्या परीक्षा नव्याने द्यायच्या होत्या. पास झाली तर नागपूर, नाही तर हैदराबाद. किती वर्षं ही पोरगी मी फोनच्या काचेत पाहिली होती! आता पुन्हा नको होती. मी सरळ यांच्यावर भडकले.

"वाटा, अजून वाटा पोहे!"

"मी काय केलं वं? मी काय इंग्लंडात मत द्यायले गेलो होतो?"

"व्हिसा मिळाला असता तर गेले असते तुम्ही!"

हे यांच्या मनाला लागलं असावं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गच्चीवर मधुवंतीचा अभ्यास घेऊ लागले. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस, नियम वाचून दाखवण्यात यांचा हात कोण धरणार? युरोपचे नियम हे खड्या आवाजात विचारायचे, ती उत्तरं द्यायची, आणि ज्या युरोपीय संघातून कोणी सुटलं म्हणून गल्लीला जेवू घातलं त्याच संघाचे नियम यांना तिच्याआधी पाठ झाले.

एकदा डोक्यावरून विमान उतरायला खाली आलं. हे वर बघत म्हणाले, "मधु, इंग्रज बाहेर पडले तर आभाळात गोंधळ नाही झाला?"

"नाही बाबा. विमानाले खालून रस्ता सांगणारे लोक तेच राहिले. त्याच्यासाठी देशादेशांची निराळी संस्था आहे, तिच्यातून ब्रिटन निघालंच नाही. बदललं ते हक्काचं. इंग्लंडच्या विमान कंपन्यांले युरोपातल्या दोन शहरांमध्ये उडायचं तर युरोपात दुसरी कंपनी काढावी लागली."

"म्हणजे घर सोडलं अन् त्याच घरात भाड्यानं खोली घेतली?"

"असंच समजा. बरं, तुमच्या विदर्भाचं आभाळ कोण पाहणार?"

"आभाळ दिल्लीकडे आहे. ते आम्ही मागूनच नाही राहिलो," हे घाईघाईने म्हणाले. मधुवंती इतकी हसली की त्या दिवशीचा अभ्यास तिथेच बुडाला.

एप्रिलमध्ये निकाल आला. पास! सगळ्याच विषयांत! मी देवापुढे साखर ठेवली आणि तिथेच बसून रडले. यांनी गच्चीवरून ओरडून शेजारच्या चारुशीलाबाईंना बातमी दिली, त्यांना ऐकू आली नाही म्हणून परत दिली.

जेवायला बसलो तेव्हा मधुवंती म्हणाली, "अजून एक सांगायचं आहे. मी इथंच मनीषनगरात फ्लॅट पाहिला. मले वेगळं राहायचं आहे."

यांचा घास हातातच राहिला. "काहून? इथं काय कमी आहे तुले?"

"कमी काहीच नाही. पण मी चौतीस वर्षांची झाली, बाबा. मले माझं घर पाहिजे."

"असं कसं वेगळं होता येईल? एकत्र राहण्यातच ताकद असते!"

आम्ही मायलेकी एकमेकींकडे पाहतच राहिलो. आपण काय बोलून बसलो हे यांनाही उमगलं. आधी मधुवंती हसली, मग मी, आणि शेवटी कान लाल करून हे. मला ती घरातच हवी होती, खोटं कशाला सांगू? तरी मीच म्हटलं, "जाऊ द्या तिला. हैदराबादपेक्षा मनीषनगर जवळ आहे."

मग अटी ठरल्या. रविवारी ती जेवायला येणार. आम्ही जायचं तर आधी फोन करून, तिने 'या' म्हटल्यावरच. यांनी एका किल्लीसाठी खूप घासाघीस केली, पण किल्ली मिळाली नाही.

ती राहायला गेली त्याच आठवड्यात हे मला गोळाभाताचा डबा भरायला लावून मनीषनगरला घेऊन गेले. मे महिन्याचं ऊन नुसतं भाजत होतं. फाटकाशी उभं राहून यांनी फोन लावला.

"मधु, खाली आलो आहोत. वर येऊ काय?"

"जरा थांबा बाबा, आत्ताच उठून राहिली मी."

आता हा माणूस चिडणार म्हणून मी वाट पाहत होते. बँकेत पुढे दोन माणसं असली तरी मॅनेजरकडे तक्रार करणारा हा माणूस! पण हे चौकीदाराच्या स्टुलावर जाऊन बसले, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "थांबू ना. घर तिचं आहे."

बऱ्याच वेळाने गॅलरीतून हाक आली, "बाबा, या ना वर!" तशी हे लिफ्टची वाट न पाहता जिन्याने धावत सुटले. डबा आणि मी, दोघंही खालीच राहिलो.