लव्हाळ्याच्या गाठी

१९५९ च्या मे महिन्यात बांधबंदिस्तीचा ओव्हरसियर म्हणून मी दर्यापूरकडच्या एका गावात गेलो, तेव्हा माझ्या डोक्यात जरा हवाच गेलेली होती. माती वाहून जाऊ नये म्हणून तिथले मोठे शेतकरी भगवंतराव यांच्या वावरात उताराला आडवा, सगळीकडे एकाच पातळीवरचा बांध घालायचा होता. दोन दिवस पातळी मोजायची दुर्बीण लावून मी खुंट्या ठोकल्या.

तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाई आल्या. त्या गावात सगळ्यांच्या वावरात निंदायला, म्हणजे तण काढायला, जात. भगवंतरावांच्या खालच्या अंगाला त्यांची स्वतःची दोन एकर होती, नुकतीच मिळालेली.

"साहेब, असा बांध घालसान तं सारं पानी माह्या वावरात येईन. माती गेली तं मले काय राह्यते?"

"दुर्बीण चुकत नसते, बाई," मी फटकारलं.

"तुमची दुर्बीन उन्हायात पाहून राहिली. म्या वीस वर्सं पावसात निंदलं."

भगवंतराव हसले. बाई मात्र विळा घेऊन अनवाणी चालू लागल्या. दर दहा पावलांवर बसायच्या, भेगाळलेली माती उकरायच्या आणि लव्हाळ्याच्या काळ्या गाठी काढून तिथंच ठेवायच्या. उतारावरचं पाणी जिथं दम खातं तिथंच हे तण मूळ धरतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची फजिती करावी म्हणून मी प्रत्येक गाठीपाशी मोजपट्टी उभी करून दुर्बिणीतून पाहिलं. पहिली जुळली, दुसरी जुळली. चाळीस ठिकाणी पातळी एकच, बोटाभराचाही फरक नाही. वही काढली, तर तिसऱ्या खुंटीला मीच फूटभर चुकीचं वाचलेलं, आणि तिथून माझी रेघ बाईंच्या वावराकडे उतरत गेलेली.

मी खुंट्या उपटल्या. वरिष्ठांना चूक कळवली, बोलणी खाल्ली. बांध गाठींच्या रेघेवर पडला.

श्रावणात तीन दिवस झड लागली. उघडल्यावर मी धावत गेलो. परातीत ओतल्यासारखं पाणी बांधाच्या अख्ख्या लांबीला सारखं उभं होतं. खाली बाईंच्या ज्वारीतलं ढेकूळसुद्धा हललं नव्हतं. मी जागीच थिजलो. इतका थक्क मी पुढे कधी झालो नाही.

"पुढच्या गावाची आखणी आहे, पंचफुलाबाई. तुम्ही याल का?"

त्यांनी माझ्या चिखलाळलेल्या बुटांकडे पाहिलं.

"येईन. पन तुमी जोडे काढून चाला, साहेब. त्याइतून काई समजत नाई."

मी तिथंच बांधावर बसलो आणि नाड्या सोडू लागलो.