गुरुलिंगअण्णांची शांता

"शांताबाई, हलू नगा. हाय तिथंच बसा," तडकलेल्या काचपेटीत वाकून रेवणप्पा दबक्या आवाजात म्हणाले. त्यांच्या एका हातात प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा होता, दुसऱ्या हातात लग्नपत्रिकेचा पुठ्ठा.

शांताबाई हलल्या नाहीत. आठ पाय, गुडघ्यांवर केशरी पट्टे आणि तळहाताएवढा पसारा असलेल्या बाईला घाई नसते. रेवणप्पांनी डबा अलगद तिच्यावर पालथा घातला, पुठ्ठा खालून सरकवला आणि सगळा ऐवज शेजारच्या नव्या पेटीत उतरवला. हात लावायचा नाही. उंच उचलायचं नाही; पडली तर पोट फुटतं. चिडली तर अंगावरचे केस उडवते आणि माणूस आठवडाभर खाजवत बसतो. कोळीण सांभाळायचं हे सगळं थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, वहीत लिहिलेलं होतं, निवृत्त हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात.

जुनी पेटी लातूरहून उदगीरला येताना एसटीत तडकली. नवी पेटी म्हणजे रेवणप्पांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातलं बुटकं शोकेस. त्यांनी त्यातली घड्याळं काढली, वरच्या झाकणाला बारीक भोकं पाडली, तळाला नारळाचा भुसा पसरला, लपायला अर्धी करवंटी ठेवली आणि पाण्यासाठी लोणच्याच्या बरणीचं झाकण. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळा नीट करणाऱ्या माणसाचं काम, त्यात खोट निघाली नाही.

खोट दुसरीकडे होती.

अण्णांना माती देऊन तीन दिवस झाले तेव्हा पुतणी रुद्राणीने ती पेटी त्यांच्यापुढे ठेवली होती. "काका, पप्पांच्या वरच्या खोलीत होती. कुलूप तोडलं तवा आमाला कळलं. चिठ्ठी हाय तुमच्या नावची."

चिठ्ठीत तीनच ओळी होत्या. 'चि. रेवणप्पास. शांता मादी आहे, अजून दहा-बारा वर्षं जगेल, ती तुझ्याकडे राहू दे. तुझ्या घरी घाबरायला कोणी नाही.'

ते खरंच होतं. कोणी का नाही, हे अण्णांइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

चौतीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारी सुकन्या एका महिन्यात चार वेळा घड्याळाचा पट्टा दुरुस्तीला घेऊन आली. पट्टा चांगला होता. रेवणप्पा चारही वेळा दुरुस्त करून देत होते. मग गुरुलिंगअण्णा लातूरहून पहिल्या गाडीने आले. "ज्या घरात जीव मारून खातेत, त्या घरची पोरगी आपल्या उंबऱ्याच्या आत न्हाई," ते म्हणाले आणि धाकट्या भावाचा हात त्याच्याच गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवून शब्द घेतला. दुसरी बघू म्हणाले. बघण्यात चौतीस वर्षं गेली. दरम्यान मठात दर श्रावणात अण्णांचं अहिंसेवर प्रवचन व्हायचं. पायाखाली मुंगी आली तर ते थांबत, आणि मागची सगळी माणसंही थांबत.

आणि ही वही. अकरा वर्षांची. 'सोमवार: मला उपास, शांतालाही. मंगळवार: दोन झुरळं. जिवंतच द्यावीत. झडप बघण्यासारखी असते.'

ही शेवटची ओळ रेवणप्पांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून वाचली. ओळ तीच राहिली.

तिला माळावर सोडून द्यावी, असं पहिल्या दिवशी त्यांच्या मनात आलं. पण अण्णांचा राग तिच्या पोटावर काढणं त्यांना जमेना. मंगळवारी त्यांनी चिमट्यात झुरळ धरलं, डोळे मिटले आणि माफी मागितली. माफी झुरळाची मागायची की स्वतःच्या तरुणपणाची, हे नक्की ठरेना. चिमटा हलका झाला तेव्हा डोळे उघडले. झडप खरंच बघण्यासारखी असणार.

तिसऱ्या मंगळवारी तिने झुरळाकडे पाठ फिरवली. पाचव्या सोमवारी सकाळी शटर वर केलं, तर शांता उताणी. आठही पाय आकाशाकडे.

रेवणप्पांना सुटलो असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी, हीसुद्धा काही विचारायच्या आत गेली, असं वाटलं.

त्यांनी दारातल्या बेलाच्या कुंडीत खड्डा केला. त्यांच्या लिंगायतांत मेलेल्याला मांडी घालून बसवून पुरतात. आठ पायांची मांडी कशी घालायची, याचा विचार करत त्यांनी चिमटीत विभूती घेतली आणि झाकण उघडलं.

"अवो रेवणप्पा! हात लावू नगा!"

दारात सुकन्याबाई उभ्या होत्या. केस पिकलेले, हातात बंद पडलेलं घड्याळ. दोन-तीन वर्षांतून एकदा त्या सेल बदलायला यायच्या. गावात घड्याळाची दुसरी चार दुकानं होती.

"मेली हो ती," रेवणप्पा म्हणाले.

"कुटं मेली? मेलेली पाय पोटाखाली आवळून घेती. ही उताणी पडून कात टाकायलीय. आता धक्का लागला तर मात्र मरंल." त्यांनी झाकण हळूच लावलं आणि स्टूल ओढलं. "कुणाची ही?"

"अण्णांची."

"कोन्त्या अण्णांची?"

"आमच्याच."

सुकन्याबाईंनी एकदा शांताकडे आणि एकदा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "खायला काय घालायचे?"

"झुरळं."

"जित्ती?"

"हाव."

दुकानातली सगळी घड्याळं एकदम मोठ्याने चालायला लागली.

"माझ्या आईच्या घरी रविवारी मटण व्हायचं," सुकन्याबाई म्हणाल्या. "रविवारीच. तेबी पाव्हणे आले तर."

रेवणप्पांनी मान खाली घातली. "मी विचारलं न्हाई कदी."

"तुमी कायबी विचारलं न्हाई. नुस्ता पट्टा शिवत बसलाव."

दोघं पेटीकडे बघत राहिले. दुपारपर्यंत शांताने एकेक पाय जुन्या पायातून मोज्यासारखा ओढून काढला. मग ती फिकट, ओली, नवीन अशी बाजूला पडून राहिली आणि शेजारी तिचं सगळंच्या सगळं अंग रिकामं उरलं. केस, पाय, केशरी गुडघे, सगळं जिथल्या तिथं. आत कोणी नाही.

"दहा-पंधरा दिस खायला घालू नगा. आता लई मऊ हाय, झुरळसुदीक तिला चावंल. नुस्तं पाणी ठेवा." सुकन्याबाई उठल्या. "जाते. नातीची शाळा सुटंल."

रेवणप्पांनी सेल बदलून घड्याळ पुढे केलं. त्यांनी ते मनगटावर बांधलं. पट्टा तोच जुना होता, चार ठिकाणी शिवलेला.

चार दिवसांनी शांता करवंटीखाली गेल्यावर त्यांनी लांब चिमट्याने कात बाहेर काढली. टेबलाच्या खालच्या खणात, दुरुस्तीला टाकून माणसं परत न्यायला आलीच नाहीत, अशी घड्याळं होती. प्रत्येक छोट्या पाकिटात, वर मालकाचं नाव. रेवणप्पांनी एक कोरं पाकीट घेतलं, कात मोडणार नाही अशी आत सरकवली आणि वर लिहिलं: 'गुरुलिंगअण्णा, लातूर.'

मग खण लावून घेतला.