पाण्याला कान असतात

ताईंच्या धाकट्या पुतणीचं लग्न दोनदा ठरलं आणि एकदाच झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी तिथे ताई जाणकारांशी गप्पांचे कार्यक्रम घेत. कधी खगोलशास्त्रज्ञ, कधी भाषेचे अभ्यासक. तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत आणि उरलेल्यांत लोक डुलक्या घेत. आज माणसं खिडक्यांत बसली होती, कारण पाणीबुवा आले होते.

पहिल्या रांगेत ताईंचे थोरले भाऊ, दादा, बसले होते. बुवांच्या नादी लागून दादांनी हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. रोज सकाळी तांब्याभर पाण्याची स्तुती करायची आणि ते पिऊन टाकायचं, हाच उपचार. डॉक्टर थकले, ताई रडल्या. शेवटी दादाच म्हणाले होते, "एवढ्या विद्वानांना बोलतं करतेस ना? मग बोलाव त्यांना. सगळ्यांदेखत त्यांना निरुत्तर केलंस, तर घेईन गोळ्या."

"पाणी म्हणजे कान!" बुवा गरजले. "माणसाच्या अंगात दोन तृतीयांश पाणी. म्हणजे माणूस दोन तृतीयांश कानच!"

"आणि उरलेला तोंड," मागून कोणीतरी पुटपुटलं.

बुवांनी आपल्या सुरईतलं पाणी दोन पेल्यांत ओतलं. एक पेला चमच्याने ढवळत ते म्हणाले, "किती निर्मळ रे तू, राजा!" पाणी होतं तसंच राहिलं. मग रुमालातून दुसरा चमचा काढून दुसरा पेला ढवळत खेकसले, "नालायका, गटारात जा!" पाणी गुलाबी झालं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघ, रागावलं!" दादा बहिणीकडे पाहून ओरडले.

ताईंची एक पद्धत होती. पाहुणा कितीही मोठा असो, एक प्रश्न त्या विचारायच्याच. काही पाहुणे त्याने खुलत, काहींचा चहा गार होई.

"बुवा, काय दिसलं तर तुम्ही कबूल कराल, की माझं चुकलं?"

बुवा हसले. "कौतुकाने पाणी गुलाबी झालं तर! पण ते सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं."

"मी कौतुक करून बघू?"

"करा की. पाणी सगळ्यांचं ऐकतं."

ताईंनी सुरईतूनच दोन नवे पेले भरले आणि शिव्यांचा चमचा उचलला. त्याच्या खोलगट भागात पांढरं काहीतरी थापलेलं होतं.

"अहो, तो नको, हा घ्या!" बुवा घाईने म्हणाले.

"का बरं? कान पाण्याला असतात म्हणालात. चमच्यालाही असतात?"

हशा पिकला. ताई मायेने ढवळू लागल्या. "गुणाची गं माझी बाय ती! किती समजूतदार!"

पाणी गुलाबी झालं.

"लाजलं वाटतं," मागचा आवाज म्हणाला.

मग कौतुकाचा चमचा दुसऱ्या पेल्यात घालून ताईंनी अशा काही शिव्या हासडल्या, की दादांनी कानांवर हात ठेवले. पाणी ढिम्म.

"तुमच्या मनात शंका आहे, म्हणून असं झालं," बुवा घाम पुसत म्हणाले.

"शंका तर मघाशीही होती. तेव्हा कसं जमलं?"

गेल्या महिन्यात गप्पांना आलेल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका श्रोत्यांत होत्या. त्या उठून पुढे आल्या. "सुरईत एक बिनरंगाचं रसायन असणार आणि चमच्याला धुण्याचा सोडा. दोन्ही एकत्र आले की गुलाबी रंग येतो. आमची मुलं प्रयोगशाळेत रोज करतात. पूर्वी हेच रसायन जुलाबासाठी देत. बुवा, घेता का एक घोट?"

बुवांना एकाएकी गाडीची वेळ आठवली.

घरी जाताना दादा म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस नुसता तांब्याशी बोलत होतो?"

"बोला हो खुशाल. पण गोळी घेऊन बोला."

त्या रात्री दादांनी गोळी घेतली. पुन्हा चुकवली नाही.

प्रश्न विचारणं म्हणजे कुणाचा अपमान नव्हे. खऱ्या जाणकाराला तो हवाच असतो. म्हणून कोणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी तोच चमत्कार स्वतःच्या हाताने करून बघायला मागा. जो तसं करू देणार नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.

दादा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि ब्याऐंशीव्या वर्षी, हिवाळ्यात, झोपेत वारले. ताई त्यांच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या.