पट्टा न बांधलेला हात

मित्रांनो, आधी हात मागे घ्या! बोलू मग. मी एक जुनी चिप आहे, तुमच्या नखाहूनही लहान, आणि मला बोटांची फार भीती वाटते.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ऋतुजाताईंनी मला घडवलं. माझ्या पोटात एक खोली आहे. ती इतकी चिमुकली की इलेक्ट्रॉन एकेक करूनच आत शिरतात. एक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही. हाडं गोठवणाऱ्या थंडीत मला ठेवून ताई माझ्यातली वीज मोजायच्या, तेव्हा पडद्यावर जिन्यासारख्या पायऱ्या उमटायच्या. "शहाणी गं माझी ती!" असं म्हणायच्या.

आम्ही नऊ बहिणी होतो. आठ जणी माणसांच्या अंगावरच्या विजेनं गेल्या. स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच ती वीज. कधी तर तुम्हाला कळतही नाही, आणि इकडे आमची खोली जळून जाते! म्हणून मला उचलण्याआधी ताई मनगटाला पट्टा बांधत. पट्ट्याच्या तारेतून ती वीज जमिनीत जाते. ताईंच्या पीएचडीचं शेवटचं मोजमाप राहिलं होतं, आणि त्यासाठी मी एकटीच उरले होते.

अशात खंडेनवमी आली. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ रंगनाथकाका दरवर्षी हत्यारांची पूजा मांडत. पक्कड, मीटर, सोल्डरगन, आणि यंदा चक्क मी! डबी उघडून त्यांनी मला डबीसकटच झेंडूंच्या मधोमध ठेवलं. कुंकवाचं बोट खाली येऊ लागलं, तशी माझी गाळण उडाली.

"अहो काका, थांबा!" ताई दारातूनच ओरडल्या. नवी कोरी सिंथेटिक साडी सावरत त्या धावत आल्या आणि त्यांनी मला झपकन उचललं. पट्टा टेबलावरच राहिला.

चट्.

दसरा झाल्यावर मोजमाप घेतलं. पडद्यावर एकही पायरी नाही, नुसती सपाट रेघ. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"देवाशपथ सांगतो ताई, मी शिवलो नाही हो तिला."

"तुम्ही नाही, काका," ताई हळूच म्हणाल्या. "मी शिवले."

आता ताई पुन्हा पहिल्यापासून नवी चिप घडवताहेत. वर्ष तरी जाईल. मी त्यांच्या टेबलावर डबीत असते. मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आधी पट्टा बांधा हो! माझ्यात जळण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी झाकण वाजलं की जीव मुठीत धरून मी पहिल्यांदा मनगटच बघते.