कोरडी बरणी

लाखनीला हायवेच्या कडेला, ट्रकांच्या धुराळ्यात, टेकचंदचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हुशार, पण त्या हुशारीचं वारं डोक्यात गेलेला. कोणी "हे काही होत नाही" म्हटलं की ते करून दाखवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मात्र त्याने जे करायला घेतलं ते हौसेपायी नव्हतं. त्याच्या सख्ख्या बहिणीवर चोरीचा आळ आला होता आणि त्याचे शिंतोडे दुकानापर्यंत उडाले होते.

बहीण रुखमा दोन कोसांवरच्या गावात दिलेली. पौषात तिची पाच महिन्यांची मुलगी दोन दिवसांच्या तापात गेली. त्या घरात चांदीचे दोन वाळे होते, तीन पिढ्यांच्या तान्ह्या लेकरांच्या पायात घातलेले. लेकरू गेलं की आईने त्याच्या अंगावरचा धातू काढून ठेवायचा, मातीत जाऊ द्यायचा नाही, अशी त्या घरची रीत. धातूसकट पुरलेलं लेकरू मागे वळून पाहतं आणि घरात पुढे जन्मणारं लेकरू जगू देत नाही, असं सासू सत्यभामाबाई मानायची. रुखमाने सांगितलं, वाळे काढले, तलावावर धुवायला नेले आणि हातातून निसटले. तेव्हा कोणी काही बोललं नाही. पण चैत्रात मोठ्या सुनेला सातवा लागला, वाळ्यांची आठवण निघाली, आणि सत्यभामाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. वाळे पाण्यात कशाला पडतात, ते गेले भावाच्या दुकानात. त्याच्याकडे भट्टी आहे, धातूला डाग द्यायची कांडी आहे, चांदी आटवायला कितीसा वेळ लागतो?

टेकचंदने हे ऐकलं आणि तो पेटला. तलावाला पाणी छातीभर, खाली गुडघाभर गाळ. हाताने चाचपून काही मिळायचं नाही. त्याने दोन जुने ट्रान्झिस्टर फोडले, तांब्याच्या तारेचं थाळीएवढं वेटोळं केलं, ते बांबूच्या टोकाला बांधलं. वेटोळ्याजवळ धातू आला की आतला सूर बिघडायचा आणि कानाला लावलेल्या इअरफोनमध्ये 'कूं' वाजायचं. दुकानासमोर धुळीत त्याने चहावाल्याचे तीन चमचे शोधून दाखवले. इथवर सगळं सोपं होतं.

अवघड होतं ते पाणी. वेटोळ्यापासून पेटीपर्यंतची तार लांब झाली की सूर भरकटायचा, म्हणजे पेटी कमरेलाच बांधावी लागणार आणि कंबर तर पाण्यात. आधी त्याने पितळी कडीचा स्टीलचा डबा घेतला. मशीन स्वतःच्याच डब्यावर ओरडायला लागलं. मग बायकोची, सुलोचनाची, लोणच्याची प्लास्टिकची बरणी पळवली. झाकणाच्या आट्यांत ग्रीस भरलं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली, तारा जिथून आत जातात तिथे मेण आणि राळ वितळवून ओतली. राहिली बटनं. एक सूर जुळवायचं, एक आवाजाचं. बटन फिरलं पाहिजे आणि त्याच भोकातून पाणी मात्र गेलं नाही पाहिजे. हे म्हणजे दार उघडं ठेवून मांजर कोंडायचं. चार वेळा बरणी ड्रममध्ये बुडवली, चारही वेळा तळाला पाणी. पाचव्या वेळी त्याने सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बटनाच्या दांडीवर चढवली, दोन्ही तोंडं बारीक तारेने आवळली. नळी पिळली जायची, पण फाटत नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बरणी ड्रमच्या तळाशी दगडाखाली राहिली. उघडली तेव्हा आत ठेवलेला वर्तमानपत्राचा तुकडा भाकरीच्या पदरासारखा कोरडा होता. टेकचंद इतका खूश झाला की त्याने सुलोचनाला नवी बरणी कबूल केली.

त्याच आठवड्यात रुखमा बाजाराला आली होती. त्याने तिला सगळं दाखवलं. ती बरणीकडे बघत राहिली.

"भाऊ, राहू दे नं," ती म्हणाली. "गेले थे गेले."

"तुले चोट्टी म्हणून राह्यले लोकं, अन् राहू दे म्हणतं? काहून राहू दिऊ?"

तिने मान खाली घातली. बिचारी भावाच्या त्रासाला लाजते, असं त्याला वाटलं.

वैशाखातल्या एका सकाळी सारं गाव तलावाच्या पाळीवर जमलं. भय्याजी गावातले जाणते, त्यांनी अट सगळ्यांसमोर बोलून ठेवली. वाळे निघाले तर सत्यभामाबाईने रुखमाची ओटी भरून तिची माफी मागायची. नाही निघाले तर रुखमाने भावासोबत माहेरी जायचं, ते कायमचं. टेकचंदच्या कमरेला दोर बांधला होता, गाळात पाय रुतला तर ओढायला. दोराचं दुसरं टोक रुखमाच्या नवऱ्याने, तेजरामने, धरलं होतं. तेजराम मुळातच अबोल. त्या दिवशी तर त्याने टेकचंदला रामरामही नीट घातला नाही.

रुखमाने धुण्याचा दगड दाखवला. "अथीच," म्हणाली. टेकचंद पाण्यात उतरला.

मशीनने पहिल्या घटकेतच लोकांना गप्प केलं. 'कूं' वाजलं, टेकचंदने बुडी मारली, गंजलेला विळा वर आला. मग घागरीची कडी. मग बैलाच्या पायाची नाल. मग एक पितळी लोटा, तो गावातल्या सीताबाईने लगेच ओळखला आणि पाळीवरून उतरून हातातून ओढूनच घेतला. पोरं टाळ्या पिटू लागली. "याच्या कानात देव बसला हाये," कोणी तरी म्हणालं. टेकचंदची छाती फुगली. त्याने दगडापासून हातहात पुढे सरकत, आधी उजवीकडे, मग डावीकडे, सगळा गाळ ऐकून काढला. ऊन डोक्यावर आलं. साधी टाचणीही सुटली नसती. वाळे नव्हते.

तो दगडाला धरून उभा राहिला. कानात नुसता सपाट सूर वाजत होता.

"टेकचंद," भय्याजी म्हणाले, "तू सोताच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली का तुह्या घरी नाईत. मी मानतो. पान्यातही नाईत. मंग हायेत कुठं?"

सत्यभामाबाई पाळीवर बसली होती. तिचा आवाज चढला नाही. उलट खाली आला.

"मंग एकच जागा राह्यली. पोट्टीच्या पायातच हायेत." तिने पाळीच्या पलीकडे, मोहाच्या झाडांकडे पाहिलं. गावातली तान्ही लेकरं तिथे पुरत. "माही मोठी सून पोटुशी हाये. उद्या सकारी खड्डा उकरा लागते."

 बायांनी पदर तोंडाला लावले. टेकचंदला ते शब्द ऐकू आले, पण अर्थ कळायला वेळ लागला, आणि कळला तसा त्याने कमरेच्या बरणीवर हात ठेवला.

"थांबा," तो म्हणाला. "मशीन पाहू द्या. पाणी गेलं असंल आत."

तो काठाला आला, लोकांकडे पाठ करून ओल्या गाळात बसला, कमरेची बरणी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःचं काम फसलेलं असावं म्हणून देवाला आळवत होता. ट्यूबची पट्टी काढली. झाकण फिरवलं. आतून उन्हाने तापलेल्या मेणाचा आणि जुन्या लोणच्याचा वास आला. ओल कळावी म्हणून आत ठेवलेला कागद कोरडा होता. तारा कोरड्या होत्या. पाण्याचा एक थेंब नव्हता. मशीनने सकाळपासून जे सांगितलं होतं ते सगळं खरं होतं.

गडव्यात पाणी घेऊन रुखमा त्याच्यासमोर येऊन बसली. तिने बरणीत पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे.

"काढाले बसली होती मी," ती म्हणाली, इतकं हळू की त्याला तिच्या ओठांकडे बघावं लागलं. "एक काढला. उघडा पाय येवढासा दिसला, भाऊ. मंग पुन्हा घालून देल्ला. कपडा घट्ट गुंडाळला. कोणी पायलं नाई."

  बहीण खोटं बोलली होती, आणि त्या खोट्याचा पुरावा गावासमोर त्यानेच, स्वतःच्या हुशारीने, मांडून ठेवला होता. त्या खड्ड्यावर उद्या कुदळ पडणार ती त्याच्या या बरणीमुळे.

मागे सत्यभामाबाई पाळ उतरत होती. तिच्या चपलांखाली माती सरकल्याचा आवाज आला. टेकचंदने बरणी आडवी केली आणि पाण्यात दाबली. पाणी आत शिरताना बुडबुडे आले, महिनाभराची मेहनत त्यात भिजली, कागद तरंगत वर आला. तो उठला आणि वळून सगळ्यांना दिसेल अशी बरणी उपडी केली. धारच लागली.

"फेल," तो म्हणाला. "पाणी शिरलं होतं. अर्ध्यातूनच बंद पडलं, अन् मी गधा उगाच फिरून राह्यलो. दगडाच्या डाव्या आंगाले मले काहीच आयकू आलं नाई. वाळे थंच असतीन, मावशी. गाळात."

आधी एक जण हसला, मग सगळी पाळ हसली. सत्यभामाबाईने गळणाऱ्या तारा बोटाने चाचपल्या, नुसती "हं" म्हणाली. भय्याजींनी निकाल दिला की मशीनच बिघडलं तर अट कसली, वाळे तलावाच्या पोटात आहेत असं समजायचं आणि लेकराला हात लावायचा नाही. रुखमाने घरी जावं. रुखमा गडवा घेऊन उठली आणि सासूच्या मागे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि टेकचंदला तेच बरं वाटलं.

पाळ रिकामी झाली. तेजराम राहिला होता. तो खाली बसून दोर गुंडाळत होता, अगदी सावकाश.

"भाऊ," तो दोराकडे बघतच म्हणाला, "बरणी तुमची कोरडी होती. दोर धरून मी बाजूलेच होतो, इकडून पायलं."

टेकचंदने रिकामी बरणी खाली ठेवली. 

"पोट्टीले खड्ड्यात मीच ठेवलं. वाळे पोकळ हायेत, आत खडे हायेत. ठेवताना वाजले."

"तवाच माईत होतं तुमाले?" टेकचंद त्याच्यापाशी सरकला. "अन् तिले घरात चोट्टी म्हणत होते, ते आयकत बसले? बोलले काहून नाई?"

"बोललो असतो तं मायनं उकरला असता खड्डा."

टेकचंदला त्या माणसाला एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काही जमलं नाही. पौषापासून ही दोघं एकाच घरात जेवली, झोपली, आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत आली.

"रुखमाले माईत हाये, तुमाले माईत हाये म्हणून?"

तेजरामने मान हलवली. नाही.

"मंग घरी जा, जवाई," टेकचंद म्हणाला. "आताच जा. अन् सांगा तिले."